डहाणू स्टेशनजवळचं झेरॉक्स-सायबर: आफ्रिकेच्या ग्रँटचे कागद इथे केले, चार स्टार

झेरॉक्सच्या दुकानाचा रिव्ह्यू कोण लिहितं म्हणा, पण आमच्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रोजेक्टच्या अर्जाचं निम्मं काम इथल्या काउंटरवर झालं आणि डहाणू-तलासरी-जव्हारकडे संस्थेची नाहीतर हॉस्पिटलची कामं करणारे बरेच जण असतात, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. बोर्डावर पॅन, पासपोर्ट, सातबारा, जातपडताळणी, रेल्वे तिकीट सगळं एकाखाली एक, आत दोन कॉम्प्युटर आणि एक अवाढव्य झेरॉक्स मशीन. भाऊ मशीनवर, वहिनी कॉम्प्युटरवर. काम वहिनींकडेच द्या, भाऊंना दिलंत तर तेही शेवटी हाक त्यांनाच मारतात.

काम काय होतं ते आधी सांगतो. फंड आफ्रिकेतल्या सिकलसेल संशोधनासाठीचा, अट अशी की मुख्य अर्जदार आफ्रिकेतलीच संस्था पाहिजे, आपण बाहेरचे फक्त पार्टनर. मला तर ही अट पटली, जगात हा आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश सहाराच्या दक्षिणेला जन्मतात, मग चाव्या दुसऱ्या कुणाच्या हातात कशाला. आमचे मुख्य लोक टांझानियातल्या दार-ए-सलामचे, आमचा वाटा पालघरच्या पाड्यांवरच्या पेशंटचा. बिघाड दोन्हीकडे एकच, हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, पण आपल्याकडे अरब-इंडियन हॅप्लोटाइप (म्हणजे त्या जीनच्या आसपासची आनुवंशिक ठेवण), त्यात फीटल म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, जे असलं की त्रास कमी होतो, ते मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं, टांझानियात बांटू हॅप्लोटाइप जास्त आणि त्यात ते कमी राहतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध हेच फीटल हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे औषधाचा फायदा दोन्हीकडे कसा आणि किती दिसतो हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं, एवढाच आमचा मुद्दा.

आता दुकान. अर्जाचे नियम अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या धाटणीचे, म्हणजे अक्षर 11 पॉइंटपेक्षा लहान नको, मार्जिन चारी बाजूंनी निदान अर्धा इंच, आणि कागदाचा साइज लेटर, 8.5 बाय 11 इंच, त्यापेक्षा मोठा चालत नाही. आपल्याकडे सगळं जग ए-फोर! ए-फोर अर्ध्या इंचाहून जास्त उंच असतो, त्यामुळे आमची सही-शिक्क्याची पत्रं सरळ स्कॅन केली असती तर सगळी नियमाबाहेर. वहिनींनी एकेक पान लेटरवर बसवलं, शिक्का कुठे कापला जात नाही ना ते झूम करून बघितलं, मग पीडीएफ. कॉलेजच्या बाहेर बसणाऱ्यांकडून इतकी फिकीर मी कधी बघितली नाही.

खरी कमाल पुढे आहे. टांझानियाहून आलेलं सपोर्ट लेटर आणि तिथल्या डॉक्टरांचा बायोस्केच (शिक्षण-कामाची थोडक्यात माहिती) असे दोन कागद समोर होते, एकावर नाव आधी, दुसऱ्यावर आडनाव आधी आणि मधलं नाव गायब. वहिनी म्हणाल्या, "सर, हा एकच माणूस ना? मग नाव एकसारखं करून मागवा, नायतर त्रुटी निघेल." जातपडताळणीच्या फायली करून करून नजर अशी तयार झालीय. आम्ही शिकलेसवरलेले चार जण ते कागद वाचून बसलो होतो हो.

मग त्यांनी विचारलं हे कसलं काम, मी सांगितलं, तर म्हणाल्या जावेच्या मुलीला एसएस आहे (म्हणजे नुसती वाहक नाही, आजारच), उपकेंद्रात तपासणीत निघालं. "तिकडच्या पोरांची पण अशीच हाडं दुखतात का हो?" दुखतात म्हटलं. वाहक असला, म्हणजे दोनपैकी एकच जीन बिघडलेला, तर मलेरिया सहसा जीवावर बेतत नाही म्हणून हा जीन जंगलपट्ट्यात टिकला, तिकडेही आणि इकडेही, हे पण सांगितलं. आईबाप दोघं वाहक असले तर दर खेपेला मुलाला आजार असायची 25 टक्के शक्यता, हे त्यांना माझ्याआधी पाठ होतं.

काय आवडलं नाही ते पण लिहितो. नेट रडकं आहे, पावसात जास्तच. शेवटच्या दिवशी पोर्टलची मुदत अर्जदार संस्थेच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी 5, म्हणजे आपल्याकडे साडेसात, आणि सातच्या सुमाराला लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, राउटर त्यावर नाही, मग माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून आमच्या भागाच्या फायली वर चढवल्या, पुढचं बटण दाबायचं काम दार-ए-सलामवाल्यांचं. वहिनी मात्र दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत.

इंग्रजी मजकूर दुरुस्त करून घ्यायला इथे जाऊ नका, तो त्यांचा धंदा नाही, स्पेलिंग बघतात तेवढंच. एफसीआरएबद्दलही, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याबद्दलही, विचारू नका. संस्थेला परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं, त्याला सीए गाठा. संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी आणि परदेशी भागीदारीसाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत जाणारी आरोग्य मंत्रालयाची स्क्रीनिंग कमिटी, ते वेगळंच प्रकरण, मुदत तोंडावर आल्यावर सुरू केलंत तर मेलात.

रेट वाजवी, तासाप्रमाणे न घेता पानाप्रमाणे घेतात, आणि एवढं जागून पण जास्तीचे मागितले नाहीत. एक स्टार कापला तो बिलासाठी. कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून देतात, शिक्का मारा म्हटलं तर भाऊ शिक्का शोधत बसतात, आणि संस्थेच्या ऑडिटला ती चिठ्ठी चालत नाही. जाणार असाल तर पक्कं बिल पाहिजे हे आधीच सांगून ठेवा, आणि दुपारी दीड ते चार जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं.