जीपीओ ३३२: नऊ महिने डायल फिरवल्यानंतर

गेल्या वर्षी सप्टेंबरात नॉटिंगहॅमजवळ बीस्टनच्या एका कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचा बाजार) हा काळा फोन ४५ पौंडांना घेतला. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "चालत असावा." मागची वायर कात्रीने कापलेली होती, त्यामुळे बाईंचा आशावाद दांडगाच म्हणायचा. नवरा म्हणाला, "हा ठेवणार कुठे?" ठेवलाय जिन्याखाली, आणि नुसता शोभेला नाही. तेव्हापासून घरचा लँडलाइन हाच आहे.

मॉडेल जीपीओ ३३२. ब्रिटनमध्ये तेव्हा टेलिफोन पोस्टखात्याकडे असायचे, म्हणून जीपीओ. या ३०० मालिकेचे फोन १९३७ पासून आले आणि १९५९ मध्ये प्लॅस्टिकचा ७०६ येईपर्यंत, खरं तर त्यानंतरही बरीच वर्षं, घराघरांत होते. आकार मूळचा इंग्रजांचा नव्हे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्याँ हाइबर्ग या नॉर्वेजियन चित्रकाराने एरिक्सनच्या ओस्लोतल्या कंपनीसाठी तो घडवला, आणि इंग्रजांनी तो थोडाफार बदलून घेतला. घंटी पोटातच बसवली आणि खाली एक छोटा ड्रॉवर दिला. जुने लोक याला 'चीज ड्रॉवर' म्हणतात. त्यात कोडनंबरांचं कार्ड असायचं. आमच्या ड्रॉवरमध्ये काहीच नव्हतं, बाहेर ओढताना कुंईऽ असा आवाज मात्र येत होता. रुळावर मेणबत्ती घासल्यावर तो गेला.

सगळ्यात मजेशीर प्रकार आतल्या शिक्क्यांचा. हँडसेटवर १६४ हा त्याचा प्रकार आणि साल ५४, डायलवर ५७, बॉडीवर ५६. मला वाटलं, फसवलं! कुणीतरी तीन मोडके फोन जोडून एक केलाय. थोडं वाचल्यावर उलगडा झाला. त्या काळात फोन ग्राहकाच्या मालकीचा नसायचाच, भाड्याने मिळायचा. १९८१च्या सुमारास कायदे बदलेपर्यंत हीच पद्धत. बिघडला किंवा घर बदललं की फोन परत जायचा, वर्कशॉपमध्ये सुटा व्हायचा, धुऊन-पुसून हाताला येईल त्या भागांतून पुन्हा जोडला जायचा आणि दुसऱ्याच घरात लागायचा. म्हणजे माझ्या फोनचे तीन भाग बहुधा तीन घरांतले आहेत. ऑनलाइन विक्रेते 'सर्व भाग मूळ' म्हणून दुप्पट भाव लावतात तेव्हा मला हसू येतं. हा फोन सुटा होऊन पुन्हा जुळण्यासाठीच केलेला आहे. तळाचे चार स्क्रू सोडले की पत्रा निघतो, जोडण्या स्क्रूच्या टर्मिनलवर आहेत, आणि नऊ महिन्यांत मला सोल्डरिंग गन एकदाच लागली.

बॉडी बेकेलाइटची. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं राळ, त्यात लाकडाचा भुसा. खरं की खोटं ओळखायचं असेल तर अंगठा जोरात घासून वास घ्या, दवाखान्यातल्या फिनाइलची आठवण होईल. माझ्याकडचा मळकट आणि एका बाजूने करडा पडलेला होता, बहुधा खिडकीत बसला असणार. इथे एक कळकळीची सूचना: सँडपेपर लावू नका. चकाकी फक्त वरच्या पातळ थरात असते. तो खरवडला की खालचा भुसा उघडा पडतो आणि मग कितीही पॉलिश करा, मुलामा उडालेल्या तव्यासारखा दिसतो. शिवाय ती धूळ छातीत जायला नको. मी आधी कोमट पाण्यात बोटभर साबण घालून पुसला, मग मऊ फडकं आणि गाडीच्या रंगाचं पॉलिश घेऊन चार संध्याकाळी घासत बसले. फडकं तपकिरी होत गेलं, खांदे दुखले. करडी बाजू पूर्ण काळी झाली नाही ती नाहीच. आता तिचं तोंड भिंतीकडे.

हँडसेटची झाकणं आट्यांची आहेत आणि सत्तर वर्षांत घट्ट बसली होती. लोणच्याच्या बरणीला करतो तसं रबरी फडक्याने धरून फिरवली. जोर लावलात तर बेकेलाइट काचेसारखं तडकतं, हे ध्यानात ठेवा.

आता डायल. मी खरी इथे अडकले. डायल परत येताना सेकंदाला दहा वेळा लाइन तोडून जोडतो. नऊ फिरवला की नऊ तुकडे (यांनाच पल्स म्हणतात), शून्य म्हणजे दहा. वेग राखायला आत छोटा गव्हर्नर आहे: फिरताना त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि वाटीच्या भिंतीला घासून ब्रेक लावतात. माझा डायल रडतखडत यायचा. मोजायची सोपी युक्ती अशी की मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि शून्य फिरवायचा. पहिल्या आणि दहाव्या टकटकीत नऊ फटी असतात, त्या बरोबर ०.९ सेकंदात बसायला हव्यात. माझ्या १.१५ भरल्या, म्हणजे सेकंदाला आठहूनही कमी. पोस्टखात्याला ९ ते ११ लागायचे.

वाळलेलं जुनं तेल हे कारण उघड होतं. मी ते पुसलं आणि शिलाई मशीनचं तेल घातलं. सढळ हाताने घातलं, आपली सवय. तेल वाटीत उतरलं, ब्रेक घसरायला लागले आणि डायल सुसाट १३ वर गेला. फोन इंटरनेटला जोडणाऱ्या अ‍ॅडॅप्टरला (त्याबद्दल पुढे) आकडे कळेनात, आईऐवजी भलत्यालाच फोन लागला. सगळं परत उघडून वाटी स्पिरिटने कोरडी केली, आणि दंतचक्रांच्या टोकांना टाचणीने एकेक थेंब दिला, बास. आता ९.८ येतो. थंडीत सकाळी ९.४. तेवढं चालतं.

तबकडीवरची अक्षरंही पाहून घ्या. शून्यावर ओ आणि क्यू, सहावर फक्त एम आणि एन. पूर्वी लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो आणि एडिंबरा इथे एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरं फिरवून नंबर लागायचा. स्कॉटलंड यार्डचा व्हाइटहॉल १२१२ हा डायलवर ९४४ १२१२. आणीबाणीचा ९९९ सुद्धा १९३७चाच, लंडनमध्ये सुरू झालेला. नऊ फिरवायला इतका वेळ लागतो, मग नऊच का? एक कारण असं की वाऱ्याने तारा एकमेकींना चिकटल्या तर एक-एक-एक आपोआप लागू शकतो, नऊ-नऊ-नऊ लागत नाही. दुसरं म्हणजे नाण्यांच्या सार्वजनिक फोनमध्ये शून्य फुकट होतंच, त्याच्या शेजारचा नऊ फुकट करणं सोपं होतं.

लाइनचं काय? ब्रिटनमधलं जुनं अ‍ॅनालॉग टेलिफोनचं जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय आणि आमच्या घरी आधीच फायबर आलंय. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या राउटरच्या मागे फोनचं भोक आहे. तिथे जोडला तर टोन येतो, घंटी वाजते, आलेला फोन घेता येतो, पण डायल फिरवला की काही नाही. त्या राउटरला बटणांचे सूरच कळतात, तुटक्या पल्स कळत नाहीत. कस्टमर केअरच्या मुलाला समजावताना वीस मिनिटं गेली. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, बटणाचा फोन घ्या." मी पल्स ओळखणारा वेगळा अ‍ॅडॅप्टर घेतला. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात 'पल्स डायलिंग' हे शब्द शोधाच, नाहीतर पैसे पाण्यात.

अ‍ॅडॅप्टर लागल्यावरही घंटी मरतुकडी वाजत होती, सायकलच्या घंटीवर मांजर बसल्यासारखी. सेटिंगमध्ये रिंगची फ्रीक्वेन्सी अमेरिकन पद्धतीची २० हर्ट्झ होती. इंग्रजी घंटी २५ ची. बदलल्याक्षणी शेजारच्यांनाही कळेल अशी खणखणली. लय पण ब्रिटिश ठेवली: ०.४ सेकंद वाजणं, ०.२ थांबणं, पुन्हा ०.४, मग दोन सेकंद शांतता. हीच लय भारतातही आहे, म्हणून आपल्या कानाला ती 'ट्रिंग ट्रिंग' अशी जोडीनेच ऐकू येते. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी हातातली कणीक तशीच ठेवून धावले. सांगलीच्या घरचा आमचा काळा फोनही असाच वाजायचा. तो बंगलोरच्या आयटीआयचा, आणि १९४८ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याला तंत्र दिलं होतं लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीने. म्हणजे दोन्ही फोन चुलत घराण्यातलेच.

आतला कागदी कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) मीटरवर गळका निघाला. तो टाकीसारखा डबा जागेवरच ठेवून त्याच्या मागे नवा २ मायक्रोफॅरडचा लपवला. ती एकच सोल्डरिंग. हा गळका असला की फोन खाली ठेवूनही उचललेलाच आहे असं लाइनला वाटतं, म्हणून रिंग येत नसेल तर आधी इथे बघा.

आवाजाबद्दल खरं सांगते. ऐकायला छान: उबदार, कान दुखत नाही, हँडसेट कानाला आणि तोंडाला बरोबर पोचतो. बोलायला मात्र आतली कार्बनच्या कणांची डबी. पडद्याने कण दाबले जातात आणि त्यांतून जाणारा करंट कमीजास्त होतो, एवढंच तिचं काम. कण वर्षानुवर्षं बसून गोळा झाले होते. आई पहिल्याच वाक्याला म्हणाली, "सर्दी झालीय का गं? डब्यात तोंड घालून बोलतेस." तळव्यावर हँडसेट हलकेच आपटला की कण मोकळे होतात आणि दोन दिवस बरं चालतं. नंतर आठ पौंडांची दुसरी जुनी डबी आणली, ती पुष्कळ बरी आहे. आईला आता सवय झालीय. उलट ट्रंक कॉलच्या आठवणीने तीच ओरडून बोलते.

आईला फोन लावायचा म्हणजे शून्य शून्य नऊ एक आणि पुढे दहा आकडे. आपले मोबाइल नंबर सहा, सात, आठ नाहीतर नऊने सुरू होतात, तिच्या नंबरात तर आठ तीनदा आलाय. अर्ध्या मिनिटाच्या वर जातं. मी मध्ये थबकले तर अ‍ॅडॅप्टरला वाटायचं संपला नंबर, तो अर्धवटच लावून टाकायचा. आता त्याला आठ सेकंद थांबायला सांगितलंय. आणि चुकलं तर खोडायची सोय नाही, रिसीव्हर ठेवून पहिल्यापासून. फोनला स्मरणशक्ती नाही म्हणून नंबरांचं कार्ड लिहून ड्रॉवरमध्ये ठेवावं लागलं. ते करताना लक्षात आलं, अरे, ड्रॉवर याचसाठी होता!

तक्रारी सांगायच्या तर बँकेचा फोन यावरून होत नाही. "इंग्रजीसाठी एक दाबा" म्हटल्यावर मी एक फिरवला, त्याचा अर्थ अ‍ॅडॅप्टरने 'होल्ड' असा घेतला आणि बँकेलाच ताटकळत ठेवलं. तो एक आनंद सोडला तर यंत्राशी बोलायची कामं मोबाइलवरच करा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पूर्वी या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची, घरातले दिवे गेले तरी तो चालायचा. आता राउटर आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही घरच्या विजेवर, त्यामुळे फेब्रुवारीत वीज गेली तेव्हा हा ठोकळा झाला. घरात म्हातारी माणसं असतील तर एकट्या याच्यावर विसंबू नका. मी एक छोटा यूपीएस लावलाय, पाऊण तास जातो.

खर्च: फोन ४५, अ‍ॅडॅप्टर ४०, डबी ८, कंडेन्सर आणि किरकोळ मिळून ६, नवी कापडी वेणीची दोरी १८ पौंड. ती दोरी दिसायला सुंदर आहे पण पीळ घेते. मी बोलत फेऱ्या मारते, आणि दर आठवड्याला हँडसेट हवेत लोंबकळत सोडून तिला उलटी फिरू द्यावी लागते. परवा तशी सोडली होती तेव्हा नवरा जिन्याखालून गेला आणि हँडसेट त्याच्या कपाळावर आदळला. हँडसेटला काही झालं नाही. तपासला मी, झाकणं उघडून.