ईसी की डीसी? जुन्या विज्ञानकथा कॉमिक्सचा पहिला संग्रह निवडताना

१९५० साली अमेरिकेत काही महिन्यांच्या अंतराने दोन प्रकाशनसंस्था विज्ञानकथांच्या कॉमिक्सकडे वळल्या. ईसीने ‘वीअर्ड सायन्स’ आणि ‘वीअर्ड फँटसी’ ही द्वैमासिके काढली, तर डीसीने ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’ आणि पुढच्या वर्षी ‘मिस्टरी इन स्पेस’. दहा सेंटांच्या अंकात अनेक छोट्या कथा, मुखपृष्ठावर अग्निबाण आणि परग्रहवासी, हा साचा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे आज त्यांचे संग्रह विकत घेऊ पाहणाऱ्याला दोन्ही एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा पिंड अगदी वेगळा आहे.

ईसीच्या कथा प्रामुख्याने प्रकाशक विल्यम गेन्स आणि संपादक अल फेल्डस्टीन या जोडीने रचल्या. फेल्डस्टीन मजकूर थेट चित्राच्या कागदावर लिहीत आणि अक्षरलेखन पूर्ण झाल्यावरच तो कागद चित्रकाराच्या हाती जाई. त्यामुळे या पानांवर शब्दांची दाटी आहे आणि नव्या वाचकाला ती सुरुवातीला जड जाते, हे आधीच सांगितलेले बरे. पण उरलेल्या जागेत चित्रकार वॅली वुडने जे केले, त्यासाठी ही दाटी सहन करावी. नळ्या, तबकड्या, तारा आणि सावल्या यांनी भरलेली त्याची यानांची अंतरंगे पाहताना तिथली यंत्रे खरोखर चालू असावीत असे वाटते. अल विल्यमसनची रेषा याउलट हलकी आणि लालित्यपूर्ण आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये ज्यांनी गुप्तहेर फिल कॉरिगन वाचला आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल, कारण पुढे अनेक वर्षे ती चित्रमालिका त्यानेच काढली.

विज्ञानकथा लेखक रे ब्रॅडबरी यांच्या दोन कथा ईसीने परवानगीविना एकत्र करून छापल्या. ब्रॅडबरींनी सभ्य शब्दांत मानधनाची आठवण करून देणारे पत्र पाठवले, गेन्स यांनी पैसे दिले आणि त्यातून रीतसर रूपांतरांची मालिका उभी राहिली. ती आजही ईसीची मोठी जमेची बाजू आहे. तरी एकच कथा वाचायची झाली तर १९५३ सालची, जो ऑर्लंडोने चित्रित केलेली ‘जजमेंट डे’ वाचावी. यंत्रमानवांच्या ग्रहावर नारिंगी आवरणाचे यंत्रमानव निळ्यांना खालच्या दर्जाचे मानतात. पृथ्वीहून आलेला निरीक्षक हा भेदभाव तपासतो, आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढल्यावर तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. १९५६ मध्ये पुनर्मुद्रणाच्या वेळी कॉमिक्स कोडच्या, म्हणजे कॉमिक्सचा मजकूर तपासणाऱ्या प्रकाशकांच्या संस्थेच्या, प्रमुखाने या चेहऱ्याला हरकत घेतली. गेन्स झुकले नाहीत आणि कथा बदल न करता छापली गेली. त्यानंतर ईसीने कॉमिक्सच बंद करून ‘मॅड’ या विनोदी मासिकावर लक्ष केंद्रित केले.

डीसीची बाजू ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी सांभाळली. ते पूर्वी विज्ञानकथा लेखकांचे एजंट होते, आणि गार्डनर फॉक्स, जॉन ब्रूम, एडमंड हॅमिल्टन हे लेखक त्यांच्याभोवती होते. अनेकदा मुखपृष्ठ आधी ठरे आणि ते कोडे सुटेल अशी कथा मागाहून लिहिली जाई. गोरिलाचे चित्र असलेला अंक जास्त खपतो असे लक्षात आल्यावर गोरिलाही वारंवार येऊ लागले. या पद्धतीमुळे पन्नाशीच्या दशकातल्या कित्येक कथा एकाच वळणाच्या झाल्या आहेत, आणि त्या सलग वाचवत नाहीत.

‘मिस्टरी इन स्पेस’मध्ये १९५९ पासून झळकलेला अ‍ॅडम स्ट्रेंज मात्र याला अपवाद आहे. झीटा किरणाने रान नावाच्या ग्रहावर पोहोचणारा हा पुरातत्त्वज्ञ संकटावर बळापेक्षा निरीक्षणाने आणि विज्ञानाच्या एखाद्या नियमाने मात करतो. कार्माइन इन्फान्टिनोने रेखाटलेली आणि मर्फी अँडरसनच्या शाईने रेखीव झालेली त्या ग्रहाची नगरे, क्षितिजावरच्या मनोऱ्यांच्या लांबच लांब ओळी, या मोकळ्या पानांवर डोळा सुखाने फिरतो. इथे भविष्यकाळ राहण्याजोगा आहे. ईसीच्या कथांत मात्र माणूस बहुधा स्वतःच्या हव्यासाची किंवा द्वेषाची किंमत मोजतो.

माझा कौल ईसीला आहे, आणि तो चित्रांइतकाच त्या नैतिक धिटाईसाठी आहे. आवृत्ती निवडताना मात्र सावध राहावे. फँटाग्राफिक्स या प्रकाशनाचे ईसी संग्रह चित्रकारानुसार लावलेले आणि कृष्णधवल आहेत. वुड आणि विल्यमसन यांची रेषा समजून घ्यायला या संग्रहांइतके चांगले साधन नाही. ‘जजमेंट डे’ची गोष्टच रंगांवर उभी असल्याने ती मात्र रंगीत वाचावी. डार्क हॉर्स या दुसऱ्या प्रकाशनाचे खंड अंकांच्या क्रमाने जातात आणि रंगीत आहेत, पण संगणकावर नव्याने केलेले ते गुळगुळीत रंग ईसीच्या रंगकर्मी मरी सेव्हरिन यांच्या मूळ सपाट रंगयोजनेपेक्षा वेगळे दिसतात, आणि मला ते वुडच्या बारकाव्यांवर चढलेले वाटतात.

घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक हवे असेल तर माझा सल्ला उलट आहे. ईसीतील क्रूर शेवट त्या वयाला मानवणारे नाहीत, तेव्हा अ‍ॅडम स्ट्रेंजचा रंगीत संग्रह घ्यावा आणि ‘स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स’चे जाडजूड कृष्णधवल खंड तूर्त बाजूला ठेवावेत. स्वतःसाठी घेणाऱ्याने आधी वुडचा एक कृष्णधवल खंड घ्यावा. शब्दांची दाटी पेलली, तर पुढची खरेदी ब्रॅडबरींच्या रूपांतरांच्या संग्रहाची असावी.