लिबरऑफिसला हातभार: भाषांतर की कोड?

फोंड्याच्या भाचीला लिबरऑफिससाठी, म्हणजे पत्रं-तक्ते बनवायच्या त्या मोफत, खुल्या प्रोग्रामसाठी, काहीतरी करायचंय. मराठी भाषांतर करावं की कोड लिहावा, यावर गाडी अडलीय.

पैसा दोन्हीकडे लागत नाही. फरक पडतो तो तयारीत. भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर, ब्राउझरमध्येच होतं. मोबाइलचं नेट पुरतं. कोड मुख्यतः सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत. साध्या लॅपटॉपवर पहिलं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणं, काही तास खातं, आणि मध्येच पावसाने वीज घालवली की झालंच कल्याण!

पण म्हणून भाषांतर म्हणजे पोरखेळ नव्हे. ‘%’ने सुरू होणाऱ्या खुणा जशाच्या तशा ठेवाव्या लागतात, नाहीतर तिथे प्रोग्रामचं नाव उमटत नाही. एकच आज्ञा दोन मेनूंत दोन तऱ्हांनी लिहिली तर वापरणारा गोंधळतो.

शिकायला जास्त मिळतं ते कोडमध्ये. पॅच, म्हणजे आपण केलेला बदल, गेरिट या तपासणीच्या साइटवर जातो, जाणती माणसं ओळ न् ओळ बघतात, चुका दाखवून परत पाठवतात. कॉलेजात इतकं कोण तपासून देतं? नवख्यांसाठी ‘ईझी हॅक्स’ची, म्हणजे सोप्या कामांची, वेगळी यादीही आहे.

नोकरीच्या वेळी दाखवायला काम हवं आणि सुट्टी मोकळी असेल, तर कोड. रोज अर्धा तासच हाती असेल आणि भाषेवर पकड असेल, तर भाषांतर. कोकणी भाषांतराचंही काम वेबलेटवरच चालतं.