नागपुरात बुशक्राफ्ट शिकताना: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

बुशक्राफ्ट म्हणजे सुरी, दोरी, विस्तव आणि आजूबाजूचं लाकूड यांच्यावर रानात हाताने कामं करायची कला. मागच्या ऑक्टोबरात ती शिकायला पहिल्यांदा गेले तेव्हा मला सुरी धरता येत नव्हती. म्हणजे भाजी चिरता येत होती. वय 41, काम हिशेबाचं, दिवसभर खुर्ची आणि घरी आल्यावर मोबाइल. रात्री जेवणानंतर जंगलात झोपडी बांधणाऱ्या माणसांचे व्हिडिओ पाहायची सवय लागली होती. दीडेक वर्ष पाहिले. त्यातलं एकही काम हाताने करून पाहिलं नव्हतं.

घरी सांगितलं तर मामाजी (सासरे, मूळचे काटोलकडचे) हसलेच. "विस्तव पेटवाले शिकाले पैसे देऊन राहिली तू? माह्या वावरात आली असती त फुकट शिकवलं असतं." वावर त्यांनी बारा वर्षांपूर्वीच विकलं, ही गोष्ट वेगळी.

पहिला अनुभव वाईट होता, तो आधी सांगून टाकते. शहराबाहेर एका रिसॉर्टच्या लॉनवर दिवसभराचं 'शिबिर' होतं. तीस-बत्तीस जण, शिकवणारे दोघे. सकाळभर भाषण, दुपारी फोटो, आणि संध्याकाळी एक किट समोर आलं: फोल्डिंग सुरी, फेरो रॉड (खरवडली की ठिणग्या पडतात ती धातूची कांडी), पॅराकॉर्डचं म्हणजे पॅराशूटच्या बारीक दोरीचं ब्रेसलेट, होकायंत्र, शिटी, सगळं एका हिरव्या पाउचमध्ये. 3,200 रुपये. "हे नसेल तर पुढच्या लेव्हलला येता येणार नाही," असं सांगितलं. मी घेतलं. नाव घेत नाही, पण नवीन माणसाने एवढं पाहावं: पहिल्याच दिवशी कोणी सामान विकायला लागलं, तर शिकवायचं त्यांच्याकडे फारसं नाही.

नोव्हेंबरपासून दुसऱ्या गटात जाते. त्याला संस्था म्हणता येणार नाही. दहा-बारा जण, महिन्यातून एक रविवार, काटोल रोडला फेटरीच्या पुढे एकाच्या काकांचं संत्र्याचं वावर आहे तिथे. धुऱ्यावर सागाची ओळ, कडेला बांबूचं बेट आणि पडीक तुकड्यात पळस, बाभूळ, रुई. 600 रुपये, त्यात जेवण आलं. सकाळी सातला तर्री-पोहे खाऊन निघायचं आणि उन्ह चढायच्या आत हाताने काहीतरी करून झालेलं असलं पाहिजे, एवढाच नियम. एप्रिलपर्यंत सहा वेळा, मे महिना बंद (पारा 45 च्या पुढे असताना नागपूरकर माणूस सावलीत बसतो, स्किल शिकत नाही), मग जून आणि जुलै. एकूण आठ.

आठ वेळांत सर्वांत जास्त वेळ कशात गेला असेल तर सुरीत. आणि तो जायलाच पाहिजे, हे मला डिसेंबरात कळलं.

त्या दिवशी किटातली फोल्डिंग सुरी वापरत होते. सागाच्या वाळक्या काडीला टोक काढताना पातं अडकलं, मी जोर देऊन मागे ओढलं, लॉक सरकलं आणि पातं मिटलं ते डाव्या तर्जनीवर. आवाज झाला नाही, दुखलंही नाही. आधी काडीवर लाल थेंब दिसले, मग कळलं की ते माझे. दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आठवडाभर ऑफिसात एका बोटाने टायपिंग. चूक अर्धी लॉकची, अर्धी माझी: मिटणारी सुरी उलट्या दिशेने ओढायचीच नसते. आमच्या गटाकडून एक तक्रार आहे ती इथलीच. फर्स्ट एड बॉक्स होता, पण तो गाडीत, गाडी फाटकापाशी आणि किल्ली ज्याच्याकडे तो पाणी आणायला गेलेला. आता बॉक्स झाडाला टांगलेला असतो. हे शहाणपण माझ्या बोटाच्या खर्चाने आलं.

त्यानंतर न मिटणारी, चार इंच पात्याची साधी सुरी घेतली, स्वीडनच्या मोरा गावात बनते तसली. कार्बन स्टीलची आहे, त्यामुळे लिंबू कापून तशीच ठेवली तर तासाभरात काळी पडते. पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवावी लागते. मोठ्या सुरीचा मोह आवरा. पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरकाम-शेतीसारख्या कामासाठीच बनलेलं नसेल, तर शस्त्र कायद्याची भानगड मागे लागते. शिवाय मोठ्या पात्याने बारीक काम होत नाही. फांद्या तोडायला मी रस्त्याकडेच्या घिसाड्याकडून गाडीच्या कमानपाट्याचा कोयता घेतला, 350 रुपयांत. माझ्या अख्ख्या सामानात पैसे वसूल झालेली वस्तू कोणती विचाराल तर हीच.

बसायचं कसं हेसुद्धा शिकावं लागतं. लाकूड मांडीवर ठेवून कापायचं नाही, कारण मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरं गुडघ्यांवर टेकवून, काम गुडघ्यांच्या पुढे. हात लांब करून स्वतःभोवती गोल फिरवायचा. त्या वर्तुळात कोणी असेल तर सुरी म्यानात. व्हिडिओत हे सगळं मी पाहिलेलं होतं. पण व्हिडिओ तुम्हाला "ताई, अंगठा काढा तिथून" असं म्हणत नाही. महिन्याला 600 रुपये मी त्या एका वाक्याचे देते असं समजा.

आता विस्तव. फेरो रॉडची ठिणगी तीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, त्यामुळे व्हॅसलीन लावलेला कापूस कोणाच्याही हाताने पेटतो. पहिल्या दिवशी टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी कापूस काढून घेतात आणि म्हणतात, आता आजूबाजूला शोधा. मग खरा अभ्यास सुरू होतो. नारळाची शेंडी पिंजून पेटते. सावरीचा कापूस भपकन जळून संपतो, ज्योत टिकत नाही, पण चकमकीच्या ठिणगीला मात्र आपली जुनी माणसं तोच वापरायची. रुईची म्हातारीही तशीच. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. वाळकं कुसळी गवत रात्रीचं दव पिऊन बसलेलं असतं, ते सकाळी नऊच्या आधी धूरच देतं.

धनुकलीने विस्तव काढायला मला चार बैठका लागल्या. खाली चपटी फळी, तिच्यावर उभी कांडी, कांडीला वेढा दिलेली दोरीची धनुकली आणि वरून दाब द्यायला हातात खाच असलेला दगड. यज्ञात अरणी मंथतात ते तत्त्व हेच. तिथे पिंपळाचं लाकूड घेतात. मी शहाणपणा करून साग घेतला. साग टणक आणि तेलकट, कांडी गुळगुळीत होऊन चीं-चीं करत राहिली, धूर सुद्धा धड नाही. जानेवारीत पांगाऱ्याची फळी आणि रुईची वाळकी कांडी घेतली. फळीच्या कडेला व्ही आकाराची खाच, खाचेखाली पळसाचं पान. भुसा पडायला लागला तो तांबूस होता. "तांबूस नको, कॉफीसारखा पाहिजे," कोणीतरी म्हणालं. दाब वाढवला, खांदा भरून आला, थंडीत घाम. भुसा काळसर झाला. कांडी उचलली तरी खाचेतून धुराची एक रेघ वर चालूच राहिली, तेव्हा सगळे गप्प झाले. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा निखारा होता. शेंडीच्या पुंजक्यात घेतला, फुंकला आणि घाईत इतक्या जोरात फुंकला की तो उडून मातीत पडला.

पेटला तो फेब्रुवारीत, दहा तारखेच्या आत. तारीख सांगते कारण आमच्याकडे 15 फेब्रुवारीनंतर विस्तव बंद असतो. वनखात्याचा वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. आमचं वावर खासगी आहे, पण पलीकडे झुडपी जंगल आणि मधे गुडघाभर वाळकं गवत. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातूनही वणवे लागतात. त्यात आपल्या हौसेची भर कशाला. राखीव जंगलात तर विस्तव पेटवणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. कोणी तुम्हाला 'जंगल कॅम्प'च्या नावाखाली तिथे शेकोटी करायला नेत असेल तर सरळ घरी जा.

या सगळ्यात आमचा खरा गुरू कोण, तर वावरातले गडी. त्यांनाही आम्ही काकाच म्हणतो, वावराचे मालक ते काका वेगळे. त्यांना कोणी शिकवायला सांगितलेलं नाही. ते पाणी द्यायला येतात, बांधावर बसतात आणि आमची फजिती पाहतात. ताडपत्रीची दोरी ताणायची विलायती गाठ आम्ही मोबाइलवर चित्र पाहून अर्धा तास घालत होतो. काकांनी दोरी घेतली, खुंट्याला दोन वेढे, एक फासा, ओढलं की घट्ट, टोक खेचलं की सुटली. नाव विचारलं. "गाठीले नाव रायते का जी? बैल सुटला नाही पायजे, बस."

काकांनी दोनदा वाचवलंही. एकदा मी शेकोटीसाठी वाळकी फांदी ओढत होते, ते बांधावरून ओरडले, "बिब्बा व्हय तो!" बिब्ब्याच्या रसाने कातडीला फोड येतात आणि जाळला तर धूरही बाधतो. दुसऱ्यांदा एकाने बांबूचं अखंड कांडं विस्तवात टाकलं. काकांनी ते काठीने बाहेर ढकललं आणि मग कारण सांगितलं. दोन पेरांमधली कोंडलेली हवा तापली की बांबू फटाक्यासारखा फुटतो. वापरायचाच तर प्रत्येक पेराला आधी भोक पाडून. बांबूचा एक फायदाही सांगते: वन कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड उरला नाही, त्यामुळे वावरातला बांबू आम्ही निर्धास्त तोडतो. चमचे, खुंट्या, पेले, सगळं त्याचंच.

मार्च-एप्रिल कोरीव काम आणि गाठी. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, माझा पहिला चमचा पाहून मुलगा म्हणाला, "आई, हे फावडं आहे का?"

जुलैत मजा आली. दहा बाय दहा फुटांची ताडपत्री, वरून धो-धो पाऊस, खाली काळी माती. उन्हाळ्यात ज्या मातीत खुंटी ठोकताना दगड लागायचा, तीच आता श्रीखंड. वीतभर खुंट्या दोन मिनिटांत निसटल्या. दीड हाताच्या बांबूच्या खुंट्या तिरप्या ठोकल्या तेव्हा टिकल्या. ताडपत्री कोरडी, तरी आत थेंब-थेंब पाणी. कुठून येतं ते कळेना. शेवटी दिसलं की मधल्या दोरीवरून ओघळत येतंय. ताडपत्रीच्या बाहेर त्याच दोरीला सुताचा लोंबता तुकडा बांधला, पाणी तिथूनच खाली गळायला लागलं. दोन रुपयांचं सूत.

त्या दिवशी ओल्या लाकडावर चहाला पन्नास मिनिटं लागली. ओल्या फांदीचा गाभा कोरडा असतो, म्हणून ती चिरून आतल्या कुरळ्या ढलप्या काढायच्या, हे पाठ होतं. हात गारठल्यावर पाठ असलेलं कामाला येत नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर पूर्ण बाह्या, पायमोजे, गवतावर थेट बसायचं नाही आणि घरी आल्याबरोबर आंघोळ. 2018 साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांमुळेच. सापाचं वेगळं सांगायला नको: दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, अंग हलवू न देता थेट दवाखाना.

खर्च मोजला, सवयच आहे. आठ बैठकांचे 4,800, ताडपत्री आणि दोरी 1,400, सुरी 2,100, कोयता 350. पहिल्या शिबिराची फी आणि ते 3,200 रुपयांचं किट मी या हिशेबात धरत नाही. त्यातली शिटी तेवढी मुलाच्या कामी आली.

ज्यांना तंबूत रात्र आणि बार्बेक्यू हवंय त्यांनी इथे येऊ नये, कंटाळतील. माझ्याही बऱ्याच गोष्टी राहिल्यात. धनुकलीने पाचातून दोनदाच निखारा निघतो. झाडं ओळखताना ऐन आणि धावडा यांत अजून गोंधळ होतो, पानं गळाल्यावर तर विचारूच नका. गटात बायका आम्ही तिघीच, आणि वावरात संडासाची सोय नाही. हे दोनदा सांगूनही झालेलं नाही.

रोज उपयोगी पडतं ते मात्र धार लावणं. दगड ओला करायचा, कोन धरायचा, एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला काठ बोटाला खरखरीत लागला की उलटवायचं. तीन महिने माझा कोन डळमळत होता. मागच्या आठवड्यात घरची पावशी (विळी) काढली. सासूबाईंच्या काळातली, मामाजीच तिला धार लावायचे, आता त्यांचा हात थरथरतो म्हणून दोन वर्षं तशीच पडलेली. अर्धा तास घासली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी अंगठा आडवा फिरवून पाहिला, पुन्हा एकदा फिरवला.

"टोकाकडं बोथट हाय अजून," म्हणाले आणि दगड माझ्याकडे सरकवला.