वाळूवरचं सावकाश पळणं की घाटीची दौड?

चाळिशी ओलांडलेली, साखर जरा काठावर आलेली मंडळी हल्ली हमखास विचारतात: तारकर्लीच्या किनाऱ्यावर दमानं पळावं, की घाटी (डोंगर चढणारी पायऱ्यांची वाट) झपाट्यानं चढून दहा मिनिटांत मोकळं व्हावं? मी दोन्ही करून पाहिलंय.

फरक आहे तो ऊर्जा मिळवण्याच्या वाटेचा: दमानं पळताना ऑक्सिजन पुरतो, घाटीवर कमी पडतो. ऑक्सिश्वसन-विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजन वापरून आणि त्याविना ऊर्जा काढणं) दहावीला सगळ्यांनीच घोकलंय, म्हणून थोडक्यात. ग्लुकोज फुटून पायरुवेट होईपर्यंत वाट एकच. तिथवर ऑक्सिजन लागत नाही आणि पदरात पडतात एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या सुट्ट्या नाण्यांचे, 2 रेणू. पुढे ऑक्सिजन पुरला तर काम तंतुकणिकेत (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत) जातं आणि एकूण आकडा 30-32 वर पोचतो (जुन्या पुस्तकांतले 38 आता सहसा धरत नाहीत). नाही पुरला तर दोनांवरच भागवायचं, आणि पायरुवेटचं लॅक्टेट (बोलीतलं लॅक्टिक ॲसिड) होतं.

तरी घाटीची बाजू अगदीच लंगडी नाही. रेणू दोनच, पण हातात पडतात झटपट. चढावर एकदम लागणारा जोर ऑक्सिजनवाल्या वाटेनं वेळेत मिळतच नाही. शिवाय अशा थोडक्या, जोराच्या व्यायामानंही तंतुकणिका वाढतात. सकाळी कामावर पळायचं असेल आणि तेवढंच जमत असेल, तर मी नको म्हणणार नाही.

माझं बिनसलं ते थांबण्यावरून. जांभ्याच्या पायऱ्या निम्म्या झाल्या की मांड्या भरून येतात, पाऊल उचलत नाही, मग गडग्याला टेकून धापा टाकत उभं राहायचं. पळणं थोडं, उभं राहणं फार. हा आळस नव्हे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1920च्या दशकात याला ऑक्सिजनची उधारी म्हटलं. साठलेलं लॅक्टेट काही हृदय आणि इतर स्नायू जाळतात, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. पण 2 एटीपी कमावलेल्या त्या ग्लुकोजसाठी यकृताला 6 मोजावे लागतात. हे निस्तरायलाही ऑक्सिजन लागतो, म्हणून थांबलं तरी धाप लगेच सुटत नाही. त्यात आपली दमट हवा, घाम वाळत नाही, नुसता गळतो. आणि वाटेनं जाणारी प्रत्येक मावशी थांबून विचारणार, "काय झाला रे? पाणी हाडू काय?" रोज काय उत्तर द्यायचं?

(दुसऱ्या दिवशी पाय दुखले तर खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडू नका. ते साधारण तासाभरात निघून जातं. दुखणं असतं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं.)

वाळूवर पहिली दोन-चार मिनिटं जड जातात, कारण श्वास आणि रक्तपुरवठ्याला गरज गाठायला वेळ लागतो. मग लय सापडते. सोबत्याशी बोलता बोलता पळता आलं की वेग बरोबर. शिवाय चरबी जाळायला ऑक्सिजनला पर्याय नाही, विनॉक्सि वाटेवर ती चालतच नाही. वजन शेवटी ताटावर ठरतं, हे मान्य. तरी पोटाकडे बघून ठरवणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं. छातीची तक्रार असेल तर घाटीचं नाव काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वाळूची खोट एकच, भरती. अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी वर असतं, भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि पोटऱ्या बोलू लागतात. तेव्हा मी सरळ गावातला रस्ता धरतो. नव्यानं सुरू करणार असाल तर अमावस्या किंवा पौर्णिमा गाठा: सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी असते आणि देवबागच्या बाजूला लांबवर घट्ट, ओली वाळू मिळते.