शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद : दोन उन्हाळे वापरल्यावर

आमच्या सांगोला भागात शेततळ्याच्या प्लॅस्टिकला सगळे कागदच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. ज्यांना अस्तर टाकायचं आहे त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितेय.

२०१६ला 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली आणि पुढच्या वर्षी आम्ही ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं खोदलं. रान मुरमाड, पाणी ठरेना, म्हणून २०१८ला पहिला कागद टाकला. व्यापाऱ्याने बिलावर जाडी ५०० मायक्रॉन लिहून दिली होती. २०२३च्या फेब्रुवारीत वरच्या कडेला, जिथे रोज ऊन लागतं तिथे, कागदाला चिरा पडल्या आणि उतारावरून खाली फाटत गेला. हाताने दुमडला की पापडासारखा मोडायचा. आठ दिवसांत सहा फूट पाणी मुरमात जिरलं. डाळिंबाच्या झाडांवर तेव्हा फळं होती.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या फाटक्या कागदाचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा कापला आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. ३३० ग्रॅम भरला. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन, पाणी पसरलं तर ते अर्धा किलो भरतं. एचडीपीई, म्हणजे ज्या प्लॅस्टिकचा हा कागद असतो ते, पाण्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून ५०० मायक्रॉनचा कागद ४७० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. आम्ही पाच वर्षं ५०० म्हणून वापरलेला कागद जेमतेम ३५० मायक्रॉनचा निघाला. मला त्या दिवशी रडू आलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण विकत घेताना दोन मिनिटांत कळलं असतं हे जास्त लागलं.

नवा कागद घेताना मी तीन गोष्टी धरून बसले. एक, आयएस १५३५१ची, म्हणजे अशा अस्तराच्या भारतीय मानकाची, खूण. दोन, दुकानातच तुकडा कापून वजन. तो ४७४ ग्रॅम भरला. तीन, अख्ख्या गठ्ठ्याचं वजनकाट्यावर वजन. आमचा कागद साडेछत्तीस बाय साडेछत्तीस मीटर. तळं ३० मीटरचं असलं तरी दोन्ही बाजूंचा उतार, बांध आणि चरात गाडायची कड धरली की एवढा लागतोच. १,३३० चौरस मीटरचे सव्वासहाशे किलो व्हायला हवे होते, ६३० भरले. दर जोडणीसकट ९५ रुपये चौरस मीटर पडला. त्याहून २० रुपयांनी स्वस्त कागद आणखी एका दुकानात होता, पण तुकडा कापू देईनात. तिथून मी उठून आले.

आता जोडणाऱ्या टोळीबद्दल. कामाला चोख माणसं. गरम पाचरीच्या मशीनने दोन समांतर शिवणी घालतात आणि मधे बोटभर पोकळ जागा ठेवतात. त्या पोकळीत सुई खुपसून हवा भरली की शिवण सापासारखी फुगते आणि हवेच्या दाबाचा काटा हलला नाही तर जोड पक्का. मिस्त्रींनी प्रत्येक शिवण माझ्यासमोर फुगवून दाखवली. एका शिवणीचा काटा हळूहळू उतरला, तेव्हा काही न बोलता त्यांनी साबणाचं पाणी फिरवून भोक शोधलं आणि वरून ठिगळ लावलं. यासाठी त्यांना पूर्ण गुण.

तक्रार एकच. त्यांना घाई फार. दुसऱ्याच दिवशी कागद अंथरायचा म्हणत होते आणि तळात तर लव्हाळा, म्हणजे जमिनीतल्या गाठींतून फुटणारं तण, होता. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, खालून कागद भेदून वर येतो. पहिल्या कागदाला तळाशी जी बारीक भोकं पडली होती, त्यातल्या दोन भोकांतून पातीच बाहेर आली होती. मी म्हटलं, "दादा, चार दिवस थांबा."

"वहिनी, चार दिवस आमची मजुरी कोण देणार?"

ते दुसरीकडचं काम उरकून आले. तोवर आबा तळात उकिडवे बसून खुरप्याने एकेक गाठ काढत होते. पाटीभर गाठी निघाल्या. मग अणकुचीदार खडे वेचले, पाणी मारून रोलर फिरवला आणि वर चाळलेली माती दोन बोटं पसरली. अनवाणी चालून बघितलं. जिथे पायाला टोचलं तिथे परत माती.

त्याच वर्षीचा मे महिना होता. दुपारी काळा कागद तापून पसरतो आणि रात्री आखडतो. भर उन्हात तंग ओढून गाडला तर हिवाळ्यात जोडावर ताण येतो. म्हणून सकाळी आठच्या आत अंथरला, कोपऱ्यात हातभर ढिला सोडला, आणि बांधाच्या चरात लगेच मातीने न दाबता आधी वाळूच्या गोण्या ठेवल्या.

पाणी भरणं हाही अस्तराचाच भाग आहे, हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. पाइपाचं तोंड सरळ कागदावर सोडू नये. खाली कागदाचाच दुहेरी तुकडा टाकावा. पहिलं फूटभर पाणी सावकाश भरावं. तेवढं म्हणजे पावणेदोन लाख लिटर, आमच्या मोटारीचे नऊ तास. मेमध्ये विहिरीला पाणी कुठलं? रोज तासभर मोटार चालवून दहा दिवस लागले. पण त्या वजनाने कागद तळाला चिकटला, सुरकुत्या हाताने उलगडता आल्या, खालची हवा कडेला सरकली. मगच चर मातीने भरले. आषाढातलं वारं आमच्याकडे मोकळ्या कागदाचं शीड करतं, ते पाण्याने धरून ठेवलं.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात सांगोला होता. तळं दोन मीटरच भरलं, साडेतेरा लाख लिटर. गळतंय का बघायला मी एक बादली पाण्याने भरून, दोरीने अर्धी तळ्यात बुडेल अशी टांगली आणि उपसा बंद ठेवला. पाच दिवसांत बादलीतलं पाणी तीन सेंटिमीटर उतरलं. तळ्यातलंही तीनच. म्हणजे गेलं ते उन्हाने नेलं, जमिनीने काही घेतलं नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत ठिबकवर सहाशे झाडं त्याच पाण्यावर जगवली. बहार धरला नाही, म्हणजे फळ घेतलं नाही, पण एकही झाड वाळलं नाही. दोन उन्हाळ्यांनंतर वरच्या कडेचा कागद दुमडून बघितला, अजून मऊ आहे.

एक गोष्ट टोळीच्या कामात नसते, ती स्वतःच करावी लागते. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पडलेलं माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही. पहिल्या तळ्यात आमची गाभण शेळी बुडाली होती. या वेळी चारही बाजूंना दोन-दोन फुटांवर गाठी मारलेला दोर खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडला, ट्यूब ठेवली आणि कुंपण केलं. साडेसात हजार गेले. हे बिलात आधीच धरा.

कागदाला पाचपैकी पाच, टोळीला चार. येत्या उन्हाळ्यात चुलत दिरांच्या तळ्यालाही त्यांनाच बोलावलंय. तिथला लव्हाळा काढायला आबा आत्तापासूनच खुरपं घेऊन जातात.