डोंगा, फायबरची होडी की शीड? वैनगंगेच्या फुगवट्यावर होडी घेणाऱ्यांसाठी

गोसेखुर्द धरणात वैनगंगेचं पाणी अडल्यापासून पवनी, कुही, भंडारा या पट्ट्यात अनेकांच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत फुगवटा आला. आपलीही एक होडी असावी, असं तिथल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी वाटतं, आणि ती इच्छा रास्त आहे. नोव्हेंबरच्या सकाळी धुकं असतं, पाणी हलत नाही, बुडालेल्या झाडांच्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. काठावरून हे पाहणं आणि पाण्यात जाऊन पाहणं यात फार फरक आहे.

पण पैसे मोजण्याआधी मे महिना आठवा. पाणी मागे सरकलेलं, मध्ये गुडघाभर गाळ, पारा 45 वर. होडी त्या गाळातून ओढणार कोण आणि ठेवणार कुठे? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, मग होडी निवडायची. बहुतेक जण उलट करतात.

लाकडी डोंगा आपल्याकडचा, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या हाताखालून गेलेला. पाण्यावर तो जड आणि शांत चालतो, वाऱ्याने लगेच भरकटत नाही, जाळं ओढताना एका बाजूला वजन आलं तरी घाबरवत नाही. पाण्याने भरला तरी बहुधा पुरता तळाला जात नाही, कारण लाकूडच तरंगतं. त्याचा खरा वैरी म्हणजे आपलं ऊन. डोंगा काठावर उघडा पडून राहिला की फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि जूनमध्ये पाण्यात लोटल्याबरोबर तळातून पाणी यायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात तो उथळ पाण्यात बुडवून ठेवायचा किंवा सावलीत ओल्या पोत्यांखाली झाकायचा. दरवर्षी सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवायची आणि वरून डांबर द्यायचं. सरळ जमिनीवर ठेवला तर उधई लागते, म्हणून खाली दगड हवेत. सागाचा नवा डोंगा करून घेणार असाल तर लाकडाची पावती आणि वनविभागाचा वाहतूक परवाना आधी हातात घ्या. आणि जवळपास डोंगा बांधणारा, दुरुस्त करणारा माणूस आहे का, ते बघा. नसेल तर डोंग्याचा मोह सोडलेला बरा.

फायबरच्या होडीला ही पिरपिर नाही. हलकी असते, दोघं मिळून ओढतात, महिनाभर कोरडी राहिली तरी बिघडत नाही. मात्र उन्हाने वरचा थर पांढरा, खडूसारखा होतो, त्यामुळे झाकून ठेवावी लागते. मुरमावरून, दगडावरून ओढली की तळ घासतो. दुरुस्ती घरी जमते: भाग कोरडा करून घासायचा, फायबरची जाळी लावायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ब्रशने जिरवायचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रेझिन उष्णतेत फार लवकर आळतं. मे महिन्यात दुपारी काम काढलं तर जाळी भिजायच्या आत डब्यातच त्याचा गोळा होतो, डबा हाताला चटका देतो आणि सगळं वाया जातं. पहाटे, सावलीत, थोडं थोडं मिसळून काम करा.

फायबरचा मोठा धोका वेगळाच आहे. आत हवाबंद कप्पे किंवा फोम नसेल तर पाणी भरल्यावर ती सरळ तळाला जाते. विकणाऱ्याला हे कप्पे दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर ती होडी घेऊ नका.

इंजिनाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. छोट्या होडीत इंजिन बहुधा होडीपेक्षा महाग पडतं, आणि फुगवट्यावर त्याला दोन गोष्टी छळतात. पाण्याखाली उभी झाडं, भिंती, विहिरींची तोंडं आहेत, कारण तिथे गावं आणि वावरं होती. पंखा त्यावर आदळतो. दुसरी इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. ती पंख्यात गुंडाळते, थंड पाणी ओढणारी जाळी बुजवते आणि इंजिन तापतं. इंजिनामागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली की ताबडतोब इंजिन बंद करायचं, एवढं घरातल्या प्रत्येकाला शिकवा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं, त्यामुळे टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल दगा देतं. शिवाय अंतर्देशीय जलयान कायदा 2021 नुसार यांत्रिक होडीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. ही धावपळ रोज पाणी ओलांडणाऱ्याला परवडते. रविवारी अर्धा तास फिरणाऱ्यासाठी वल्ही पुरेत.

आणि शीड? मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. इंजिनाचा आवाज नाही, दोरी हातात, वारा धरला की होडी एका बाजूला कलते आणि तळाखालून पाणी बोलायला लागतं. शिकायला ऑप्टिमिस्टसारखी 2.3 मीटरची, 35 किलोच्या आसपासची होडी पुरते, पण ती मुलांची आहे, मोठ्यांना थोडी मोठी लागते. वाऱ्याच्या तोंडावर साधारण 45 अंशांपेक्षा जवळ शीड चालत नाही, नागमोडी जावं लागतं, हे अंगात मुरायला वेळ लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात वारा अनेकदा पडलेला असतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं वावधान काही मिनिटांत अंगावर येतं. आभाळात काळं दिसलं की काठ गाठायचा, शीड उतरवायचं. सोबत वल्हं नसेल तर शीड घेऊच नका.

नवेगाव बांध किंवा तोतलाडोहचं स्वप्न असेल तर ते अभयारण्याचं, व्याघ्रप्रकल्पाचं पाणी आहे. तिथे खासगी होडी उतरवायचा विचार सोडा. बाकी ठिकाणी जलसंपदा विभागाची परवानगी विचारा. गावतळ्यावर मासेमारीचा हक्क बहुधा ढिवर समाजाच्या संस्थेकडे असतो, तेव्हा जाळं टाकण्याआधी त्यांच्याशी बोला. ते बोलणं परवानगीपुरतं ठेवू नका, पाणी कुठे खोल आणि कुठे खुंट आहेत हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

लाइफ जॅकेटबद्दल मी कठोर आहे. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून 11 माणसं गेली. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली, तेव्हा ना पूर होता ना पाऊस. पोहता येणाऱ्यानेही जॅकेट अंगात घालायचं, फळीखाली ठेवायचं नाही. गोसेखुर्दच्या खालच्या बाजूला, ब्रह्मपुरी-वडसाकडे राहत असाल तर धरणाच्या 33 दरवाज्यांपैकी किती उघडलेत हे कळल्याशिवाय पाण्यात उतरू नका. वर मध्य प्रदेशात पाऊस झाला की तुमच्याकडे ऊन असताना नदी चढते.

माझी निवड विचाराल तर पहिली होडी फायबरची, वल्ह्यांची, बिनइंजिनाची. घरात किंवा शेजारी डोंग्याचा जाणता हात असेल तर डोंगा. शीड दुसऱ्या वर्षी, याच होडीवर डोलकाठी बसेल का ते आधी विचारून ठेवा. पण खरेदीआधी एखाद्या ढिवर काकांची नाव दिवसाच्या मजुरीसकट भाड्याने घ्या, एकदा थंडीत आणि एकदा वैशाखात. जुनी होडी बघायला जाल तेव्हा ती पाण्यात टाकायला लावा, तासभर बसून राहा आणि तळाला किती पाणी साचलं ते मोजून मगच भाव बोला.